तीन लहानसे अवगुण

"चाळिसाव्या भागात तमोजित मरणार म्हणजे मरणार! कोणी रडा, कोणी पाया पडा, मी एक अक्षर बदलणार नाही!"

कुलदीप खवसे सरांनी ग्रुपवर हे ठणकावून टाकलं आणि मिशीला पीळ दिला. मिशी तशी नावालाच होती, पण पीळ भरपूर दिला!

सर सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवतात. ते आपलं पोटापाण्यासाठी. खरा जीव अडकलाय 'काजळगड' या त्यांच्या कादंबरीत. दर रविवारी एक भाग लिहायचा आणि व्हॉट्सॲपवर टाकायचा. सौंसर आणि पांढुर्णा मिळून वाचक त्रेपन्न. काजळगडात उडते घोडे आहेत, बोलणारी विहीर आहे आणि तमोजित आहे. हा तमोजित मोठा गुंतागुंतीचा प्राणी! गड वाचवायला त्याने सख्ख्या भावाला शत्रूच्या हवाली केलं, आणि तेव्हापासून रोज त्या भावाच्या नावाचं ताट वाढून झाकून ठेवतो. आता हा माणूस चांगला म्हणायचा की वाईट? यावर बसस्टँडच्या रवींद्रच्या चहाटपरीवर अशी भांडणं जुंपायची की नागपूरची बस निघून जायची आणि भांडणाऱ्यांना पत्ताच नसायचा!

मग सर चहा संपवून निवाडा द्यायचे. "निव्वळ चांगला माणूस वाचकाले खरा वाटत नाही जी! त्याच्या हातून एक पाप झालं पाहिजे. काळजात एक जखम पाहिजे. अन् एक गोष्ट अशी पाहिजे, जे तो कोणालेच सांगत नाही. मंग पाहा लोक कसा जीव लावतात!"

टपरीवाला रवींद्र, त्याच्या बाजूचा गौतम टेलर आणि सरांच्या शेजारच्या उषाकाकू, हे तिघं त्यांचे पट्टशिष्य. सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य! गौतमने तर ही तीन कलमं खडूने शिलाई मशीनच्या फळीवर लिहून ठेवली होती.

इथवर सगळं ठीक होतं. पण सरांनी ही विद्या लग्नात वापरायची ठरवली, आणि तिथेच घोळ झाला!

त्याचं असं झालं, सरांना लागलं तेहतिसावं. आधीची दोन स्थळं मोडली होती, आणि तीही कशामुळे? स्तुतीमुळे! आपल्याकडे मुलीचा बाप चौकशीला येतो. मुलाच्या गल्लीत गुपचूप फिरतो, चार जणांना विचारतो. गुपचूप कसलं, सगळ्या गल्लीला दोन दिवस आधी माहीत असतं! तर दोन्ही वेळा गल्लीने सरांना इतकं डोक्यावर घेतलं की मुलीकडचे बिचकले. "पोरगा एवढं सोनं आहे, मंग इतकी वर्षं पडून काहून आहे?" असं म्हणून दोघेही गेले ते गेलेच.

आता तिसरं स्थळ होतं मोहगावचं. रघुनाथराव डिगरसे, संत्र्याचे बागाईतदार. मुलगी वृषाली. पाहण्याच्या वेळी तिने संत्र्याच्या फोडींची बशी पुढे केली आणि हळूच विचारलं, "तुम्ही गोष्टी लिहिता म्हणे. शेवट आधी ठरवता का लिहिता लिहिता?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न सरांना कोणी विचारला नव्हता! सरांनी फोड बियांसकट गिळली. घरी आल्यावर आईला, सुधाताईंना, एवढंच म्हणाले, "आई, हीच. दुसरी पाहू नको." आणि खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांचं वर्गात लक्ष नव्हतं. फळ्यावर वर्तुळ काढायला जात आणि संत्रं काढून येत.

राहिली होती फक्त चौकशी. सरांनी तिन्ही शिष्यांना बोलावलं.

"या खेपेला स्तुती नको! स्तुती कराची, पण सोबत एकेक लहानसा अवगुण सांगाचा. म्हणजे माणूस खरा वाटते. रवींद्रभाऊ, तुम्ही सांगा, चहा फार पिते. गौतम, तू सांग, शिवलेले कपडे न्याले विसरते. अन् काकू, तुम्ही सांगा, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठते. बस! तीन लहानसे अवगुण!"

"एवढुसे?" गौतम नाराज झाला.

"एवढुसेच!"

मंगळवारी रघुनाथराव येऊन गेले. शाळा सुटल्याबरोबर सर धावतच टपरीवर आले.

"काम फत्ते, सर!" रवींद्रने दुरूनच हात हलवला. "मी म्हटलं, चहा फार पिते. तर तो बुढा म्हणे, बस, एवढंच? त्याले विश्वासच बसून नाही राहिला! मंग मी विचार केला, आता सरांची अक्कल वापरा लागते."

सरांनी त्याचा हात धरला. "काय सांगतलं?"

"पाप सांगतलं ना जी! म्हटलं, पोराने सख्ख्या भावाले घराबाहेर काढलं. पण भावाच्याच भल्यासाठी!"

"अरे, पण मले भाऊ कुठं आहे? मी एकुलता एक आहे!"

रवींद्रने चहाची गाळणी हवेत धरली आणि क्षणभर विचार केला. "हाव ना बाप्पा! हे डोक्यातच नाही आलं!"

सर बाजूच्या दुकानात घुसले. गौतम मशीनवर मान खाली घालून हसत होता.

"जखम जमली, सर! म्हटलं, पांढुर्ण्याची एक पोरगी होती. लग्नाचा ब्लाउज माह्याकडेच टाकला. शिवून तयार झाला. पण भाऊ घरातून गेला, अन् तवापासून ते न्यालेच आली नाही!"

"कुठं गेली?"

"ते मी नाही सांगतलं. तुम्हीच म्हणता ना, थोडं वाचकावर सोडून द्यावं!"

"गौतम, तो वाचक नाही, माहा सासरा आहे!"

सर उषाकाकूंच्या दारात पोचले. काकू पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. स्वतःच सांगितलेल्या गोष्टीने त्यांना रडू आलं होतं!

"कुलदीप, मी बाकी काही नाही सांगतलं रे. फक्त एवढंच, का पोरगा रोज भावाच्या नावाचं ताट झाकून ठेवते, अन् हे कोणालेच सांगत नाही. ते डिगरसे तर पार गहिवरून गेले बिचारे!"

आता पाहा गंमत. तिघांनी तीन ठिकाणी सांगितलं, एकमेकांशी न बोलता सांगितलं, आणि तिघांचं जुळलं! जुळणारच ना, तिघांनीही काजळगडच वाचलेला! पण रघुनाथरावांनी तो कुठे वाचला होता? त्यांच्या दृष्टीने साक्षी-पुरावे पक्के झाले.

आणि कमी होतं म्हणून की काय, जाता जाता ते सरांच्या घरीही डोकावले होते. सुधाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले. औषधाचे थेंब नुकतेच घातलेले, गालावर धारा लागलेल्या. आणि टेबलावर सरांचं जेवण झाकून ठेवलेलं.

"हे ताट कोणाचं, बाई?" रघुनाथरावांनी विचारलं म्हणे.

"माह्या पोराचं," डोळे टिपत सुधाताई म्हणाल्या.

"कधी येते तो?"

"काही नेम नाही त्याचा. वाट पाहाची आपण."

रघुनाथरावांनी टोपी काढली, ताटाकडे पाहून हात जोडले आणि निघून गेले!

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज जड होता. "शनिवारी जामसांवलीले या. मारुतीपुढं बसून बोलू. अन् दोघंही भाऊ या!"

सरांनी फोन ठेवला. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. खरं सांगावं तर खोटारडे ठरतो, नाही सांगावं तर भाऊ आणायचा कुठून? तमोजित असता तर त्याने काय केलं असतं? तमोजितने रक्ताळलेली तलवार उचलून वादळात घोडा घातला असता. सरांकडे जुनी मोटारसायकल होती आणि तिची किक बसत नव्हती.

"मी होतो ना भाऊ!" रवींद्र म्हणाला.

"खबरदार!" सर ओरडले.

शनिवारी जामसांवलीला ही गर्दी! नारळाची, रुईच्या माळांची दुकानं फुललेली. मंडपाच्या कोपऱ्यात रघुनाथराव बसले होते, बाजूला वृषाली. सर आणि सुधाताई समोर बसले. वृषालीने एकदा सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरांना वाटलं, संपलं! आता ही पोरगी आपल्याला कधीच मिळत नाही.

"दुसरा कुठं आहे?" रघुनाथरावांनी विचारलं.

सर तोंड उघडणार, एवढ्यात मागून कोणीतरी गळ्यातच पडलं!

"दादा! मी तुले माफ केलं, दादा!"

अंगात गौतमने रातोरात शिवलेला चकचकीत कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, उन्हाळ्यात गळ्याला मफलर. रवींद्र! सर त्याला ढकलायला गेले तसा तो आणखीच घट्ट बिलगला. आजूबाजूच्या बायकांनी तर भावांची भेट पाहून डोळ्यांना पदर लावले. सुधाताई आपल्या या नव्या लेकाकडे आ वासून पाहत राहिल्या.

रघुनाथरावांनी चष्मा पुसला. मग जवळ येऊन नाकाने वास घेतला.

"हा तं बसस्टँडचा चहावाला आहे! दोन कप पेलो मी याच्या हातचे. अद्रक जास्त टाकते हा!"

रवींद्रने मफलर वर घेतला. पण आता मफलर घेऊन काय होणार होतं!

आणि मग सर बोलले. मारुतीकडे तोंड करून बोलले, कारण माणसांकडे पाहायची हिंमत नव्हती. "मले भाऊ नाही. पांढुर्ण्याची कोणी पोरगी नाही. ताट माहंच आहे, मीच जेवतो. मी एक साधा मास्तर आहे. चांगला वाटलो तं तुम्हाले खरा नाही वाटणार, म्हणून मीच यायले अवगुण सांगाले लावले. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून केलं जी. चूक झाली. यायचा दोष नाही, माहाच आहे!"

रघुनाथरावांचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे तो पोरगा हायेच नाही?"

"नाही जी."

"चार दिवस झोपलो नाही मी त्याच्यासाठी! म्हटलं, बिचारा कुठं भटकून राहिला असेल! त्याले बागेतली खोली देतो म्हणून मी ते झाडून-पुसून ठेवली! खाट टाकली नवी!"

तेवढ्यात वृषालीला हसू फुटलं. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

"बाबा, तो चौदाव्या भागातला भाऊ आहे," ती म्हणाली. "तुम्ही मंगळवारी घरी येऊन सारं सांगतलं ना, तवा मले आधी लई वाईट वाटलं. मंग मी पांढुर्ण्याच्या माह्या मैत्रिणीले, अश्विनीले, फोन लावला. ते यायच्या ग्रुपमध्ये आहे. तिनं एकोणचाळीसही भाग पाठवले. दोन दिवसांत वाचून काढले मी."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"मले पाहाचं होतं, हे खरं सांगतात का आणखीन एखादा भाग लिहितात!"

सरांचे कान तापले. पण आत कुठेतरी ढोल वाजायला लागले होते. एकोणचाळीसही भाग! दोन दिवसांत!

रघुनाथराव बराच वेळ रवींद्रच्या कोटाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "एका माणसाच्या शब्दावर तीन माणसं बिनधास्त खोटं बोलले. चौथा कोट घालून मारुतीपुढं रडाले आला."

"चौथा नाही जी, त्या तिघातलाच मी, दोनदा बोललो," रवींद्र पुटपुटला.

"चूप! माह्या गावात माह्यासाठी कोणी खरंबी बोलत नाही. पोरगा लोकायले जीव लावणारा दिसते. वृषाली, तुहं काय म्हणणं आहे?"

वृषालीने सरांकडे सरळ पाहिलं. "चाळिसावा भाग लिहिला का?"

"लिहिला," सर म्हणाले. "उद्या टाकतो. तमोजित गडाच्या दारात एकटाच मरते. त्याचं पुण्य कोणालेच कळत नाही." आणि जरा छाती काढून म्हणाले, "शोकांत आहे. कलेत तडजोड नाही!"

"बरं," वृषाली उठली आणि पदर झटकला. "मंग आपलं चाळिसाव्या भागानंतरच पाहू."

रविवारी ग्रुपवर चाळिसावा भाग आला. त्रेपन्न वाचकांनी तो श्वास रोखून उघडला. तमोजित गडाच्या दारात पोचतो, जखमांनी विव्हळतो, तलवार गळून पडते, आणि समोर उभा असतो त्याचा भाऊ! दोघं गळ्यात पडतात. तलवारी विहिरीत टाकतात. आणि काजळगडाच्या पायथ्याशी, जिथे युद्ध झालं त्याच रणभूमीवर, दोघं मिळून संत्र्याची बाग लावतात. अठरा अठरा फुटांवर.

दहाच मिनिटांत ग्रुपवर एका नव्या, चोपन्नाव्या वाचकाचा निरोप झळकला. "भाग चांगला आहे. रडलो. पण अठरा फूट कमी पडते, झाडं एकमेकात घुसतात. वीस करा. रघुनाथराव."

सरांनी वीस केलं.