आऊसाहेबांची कहाणी माहेरी सापडेना, ते वर्तमान

॥ श्री ॥ विघ्नहर्ता प्रसन्न होऊन लेखणीस वाट दावो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, श्रावणमासी, संगणकाचे मुलखी दोन दौलती नांदत होत्या. सासरचे दौलतीत अवघ्या फाइलींस एकच मूळ दरवाजा, आणि दालनादालनामध्ये तिरपी रेघ, उजवीकडे झुकलेली. माहेरचे दौलतीत कोठीकोठीस निराळी वेस, आणि रेघही डावीकडे झुकलेली, जैसी पाण्यात दिसावी. आऊसाहेब पंचमीस माहेरी निघाल्या, आणि व्रताची कहाणी फाइलीत घालून संगे घेतली, आणि ती आणून देणारा प्रोग्राम नामे जासूदही घेतला. व्रत श्रावणभर नित्याचे: मुठीत अक्षता धरून कहाणी ऐकावी, तोवर पाण्याचा थेंब घेऊ नये.

मग फाइल माहेरचे देवघरी व्रतांच्या कप्प्यात ठेविली, आणि आऊसाहेब पाटावर बसल्या, आणि मूठ मिटली, आणि जासूद गेला तो रिता परतला, "कहाणी नाही." मग उन्हे कलली, आणि अक्षता मुठीत घामेजल्या, आणि ओठ सुकले. सासरहून संगे आलेले चिटणीस त्र्यंबकपंत म्हणाले, "नाही कशी? म्यां वाट घोटवून दिली आहे. मूळ दरवाजा, रेघ, देवघर, रेघ, व्रते!" माहेरची दारवानीण बहिणाक्का हसली, "अहो पंत, तुमच्या घरचा दरवाजा आमच्या घरी कोठून आणू?" पंत ओशाळले, "बरे, तुमचीच वाट लिहितो." तों आऊसाहेब कोरड्या कंठे हळूच वदल्या, "आणि सासरी परतले म्हणजे? तेथे मला तहानेली ठेवाल होय, पंत?"

मग पंतांनी वाट अवघी खोडिली, आणि जासुदास निरोप लिहून दिला इतुकाच की देवघर, त्यात व्रते, त्यात कहाणी. वेस कोणती, रेघ कैसी, ते त्या घरच्या दारवानास पुसावे आणि त्याने सांधून द्यावे. मग जासुदाने पुसले, आणि बहिणाक्काने आपली वेस, आपल्या रेघा जोडल्या, आणि दुर्वा वाऱ्याने झुकाव्या तैशा रेघा झुकल्या, आणि मधून जासूद स्वप्नात चालावे तैसा गेला, आणि कहाणी आली. आऊसाहेबांनी डोळे मिटून ऐकिली, आणि अक्षता वाहिल्या, आणि मग पाणी घेतले.

पुढे सासरी परतल्या, तेथेही निरोपाचे अक्षर न बदलता कहाणी आली, आणि दिवस माथ्यावर येण्याआधी पाणी घेतले. तात्पर्य, मागणे आपले सांगावे. वाट ज्या घरची, त्या घरास ठाऊक. इति.