पराते साहेबांची विरोधी बाजू

जो मुलगा जावई म्हणून मनापासून पसंत होता, त्याच्याविरुद्ध पराते साहेब त्याच्याच आईवडिलांसमोर अर्धा तास बोलले.

प्रतापनगरच्या त्यांच्या घरी बैठक होती. पोहे झाले होते, मुलामुलीची पसंती झाली होती, देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. तारीख काढायची एवढ्यात साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "थांबा. विरोधी बाजू कोणीच नाही मांडली. मी मांडतो." या मुलाला आपली मुलगी का देऊ नये, ते त्यांनी मुद्द्यांसह सांगितलं. मग त्याच दमात, या मुलाने आपली मुलगी का करू नये, तेही सांगितलं. ती उशिरा उठते, रागीट आहे, आणि सासरा म्हणून मी स्वतः सहन करण्यासारखा माणूस नाही. मुलाचे काका चपला शोधायला लागले. साहेब खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं. आता मले मंजूर आहे."

लग्न झालं. जावई आजही म्हणतो की त्या अर्ध्या तासात बायकोबद्दल जे कळलं त्यात नंतर फारशी भर पडली नाही.

हा त्यांचा विक्षिप्तपणा नव्हता, पद्धत होती. जरीपटक्याच्या बाजारात सदऱ्याचं कापड आवडलं की ते दुकानदाराच्या देखत त्या कापडाची निंदा करत. भाव पाडायला नव्हे. निंदा संपली की सांगितलेले पैसे मुकाट्याने देत. तो दुकानदार त्यांना ओळखून होता. ते बोलत असेपर्यंत तो दुसरं गिऱ्हाईक करायचा. कुसुमताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "यांना मीठ संपलं म्हणून सांगितलं तरी आधी मिठाविरुद्ध ऐकावं लागते."

साहेब मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. हातमाग वडिलांबरोबर संपला आणि हे बँकेत लागले. पुढे मॅनेजर झाले. आमच्या कंपनीच्या संस्थापकांना त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं की तुमची योजना कच्ची आहे, बँक पैसे देणार नाही. ते संस्थापक, आमचे थोरले साहेब, घरी गेले, दोन दिवस संतापले, मग योजना पुन्हा वाचली आणि ती खरोखरच कच्ची निघाली. पराते निवृत्त झाले तेव्हा थोरल्यांनी त्यांना आग्रहाने संचालक मंडळावर घेतलं. आपल्याला नाही म्हणणारा एक माणूस खोलीत असावा, एवढी अक्कल त्या पिढीला होती.

मी त्या कंपनीचा सेक्रेटरी. बैठका बोलवायच्या, कागद तयार करायचे, काय ठरलं ते लिहायचं, हे माझं काम. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मोठ्या कंपन्या मोठे निर्णय कसे घेतात हे मी पाहिलं आहे, आणि आता त्याबद्दल गोड बोलायची मला इच्छा राहिलेली नाही. लोकांना वाटतं, तिथे जाणती माणसं एकत्र बसतात, आकडे तपासतात, वाद घालतात. प्रत्यक्षात निर्णय अध्यक्षांच्या फार्महाउसवर आधीच्या रविवारी होतो. सल्लागार त्याला कारणं शोधून देतात. बोर्ड मान डोलावतं. जेवण चांगलं असतं.

कोणी विरोध करील अशी शंका असली तर त्यालाही रीत ठरलेली आहे. अध्यक्ष त्याला आदल्या दिवशी फोन करतात आणि तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करतात. दगदग करू नका, म्हणतात. समजूतदार माणूस आजारी पडतो. त्याला गैरहजेरीची परवानगी मिळते आणि ठराव सर्वानुमते होतो.

पराते साहेब कधीच आजारी पडले नाहीत. प्रत्येक ठरावाला ते हात वर करत. "विरोधी बाजू मांडतो." नव्या भट्टीला विरोध केला, मग मंजूर. दिवाळीच्या बोनसला विरोध केला, मग मंजूर, वर थोडा वाढवूनही मागितला. मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "सेक्रेटरी, सगळे एका सुरात हो म्हणून राहिले न गा, तवा समजायचं, कोणीच कागद वाचून नाही आलं."

थोरले गेले. त्यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले. बोर्डावर त्यांच्या ओळखीची माणसं आली. त्यांना पराते साहेब म्हणजे करमणूक वाटे. ते बोलायला उठले की कोणीतरी घड्याळाकडे बघून डोळा मारी. कुसुमताईही याच सुमारास गेल्या. मुलगी परदेशात. साहेबांची भाषणं जरा लांबायला लागली.

मग कन्हान आलं.

कन्हानला आमची फाउंड्री होती, लोखंड ओतायचा कारखाना. गटारांची झाकणं, पंपांची कवचं तिथे तयार होत. कंपनी तिथेच जन्मली. ती बंद करायची, जमीन विकायची आणि त्या पैशात गोदामं उभारायची, असा प्रस्ताव होता. फाउंड्री तोट्यात नव्हती. तिचा नफा अध्यक्षांना सांगायला लाज वाटावी इतका थोडा होता, एवढाच तिचा गुन्हा.

फोन झाला. साहेबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणजे यावेळी निमित्त अगदी खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत बोर्डरूममध्ये आले.

मुंबईहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "मले काही दिसून नाही राहिलं. तोंडानं सांगा."

त्या मुलाची पंचाईत झाली. पडद्यावर बाण होते, वर्तुळं होती, हिरवा रंग होता. तोंडाने सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. तो म्हणाला, लिगसी वर्कफोर्सचं रॅशनलायझेशन करावं लागेल.

"म्हणजे?"

"म्हणजे मनुष्यबळ कमी करावं लागेल, सर."

"किती?"

तो मुलगा अध्यक्षांकडे पाहून म्हणाला, "सगळं."

काजूची बशी या हातातून त्या हातात गेली. साहेबांनी विचारलं, विरोधी बाजू कोणी मांडतं का, दरवेळी मीच काहून. एक सनदी अधिकारी होते, निवृत्त. त्यांनी गोदामांचं नाव इंग्रजीत ठेवायचं की संस्कृतात असं विचारलं. मग साहेब उठले.

त्या दिवशी ते फार चांगलं बोलले. जमीन एकदाच विकता येते, म्हणाले. गोदामांचा धंदा आपल्याला येत नाही, हे म्हणाले. कन्हानच्या त्या वयाच्या माणसांना आता दुसरीकडे कोण ठेवणार, हेही म्हणाले. एकही उत्तर आलं नाही, कारण कोणी ऐकत नव्हतं. सगळे हसऱ्या चेहऱ्याने, गाडी येण्याची वाट पाहावी तसे, त्यांच्या शेवटच्या वाक्याची वाट पाहत होते.

"झालं," साहेब म्हणाले. "आणि मले मंजूर नाही."

सगळे हसले. मोकळेपणाने, टेबलावर थाप मारून हसले. त्यांना वाटलं, आज साहेबांनी गंमत केली. अध्यक्ष म्हणाले, "परातेजींचं नेहमीचंच. चला, जेवण थंड होतंय."

काळ्या चष्म्यामुळे साहेबांचे डोळे मला दिसले नाहीत. पण त्या क्षणी त्यांना काय कळलं ते मला कळलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या नाहीची किंमत घालवली होती. खरोखर नाही म्हणायची वेळ आली तेव्हा तो शब्द त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. मात्र दोष त्यांचा होता असं मी म्हणणार नाही. शहाण्या माणसांनी भरलेल्या खोलीत, हा माणूस यावेळी खाली बसून मंजूर म्हणालेला नाही, एवढं एकाच्याही लक्षात येऊ नये? येत होतं. येऊ द्यायचं नव्हतं. तो ठराव बहुमताने झाला असं मी लिहिलं. सर्वानुमते लिहा, असं मला सुचवलं गेलं. मी लिहिलं नाही. त्याने कन्हानला काडीचाही फरक पडला नाही.

जेवताना साहेबांनी विचारलं, तिथं सांगाले कोण जाते? अध्यक्ष म्हणाले, गेटवर नोटीस लागेल.

साहेब ताटावरून उठले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी बरोबर गेलो. पाळी सुटायची वेळ होती. गेटसमोर माणसं जमली. साहेब काळ्या चष्म्याआडून अंदाजाने आवाजांच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "कारखाना बंद होऊन राहिला. बोर्डानं ठरवलं. त्या बोर्डात मी आहो."

तुळशीराम म्हणून साचे बांधणारा एक जुना कामगार होता. त्याने साहेबांची गचांडी धरली. "कोनाले इचारलं गा बुढ्या?" तो म्हणाला, आणि पुढे जे म्हणाला ते मी लिहीत नाही. साहेबांनी हात वर केला नाही. कोणीतरी तुळशीरामला मागे ओढलं. परतताना त्यांच्या सदऱ्याची दोन बटणं तुटलेली होती.

गाडीत मी चिडलो. मी सहसा चिडत नाही. तुम्ही एकट्याने विरोध केला, हे त्यांना सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं.

"सांगून काय होते? माही अब्रू वाचते. त्याइचं काय वाचते?" मग तुटक्या बटणांची जागा चाचपत म्हणाले, "माणसाले संताप आला तर समोर कोणी तं पायजे का नाही. नोटीशीले काय शिव्या देईल तो?"

त्यांनी राजीनामा दिला. आणि त्यानंतर दर शुक्रवारी कन्हानला जायला लागले. बंद गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर सकाळभर बसत. ज्याला बोलायचं आहे त्याने येऊन बोलावं, एवढ्यासाठी. मला हा वेडेपणा वाटे आणि मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, विरोधी बाजू चांगली मांडली. आणि पुढच्या शुक्रवारी गेले. लोक येत, वाटेल ते बोलत, ते ऐकून घेत. अध्यक्षांची गाडी त्या रस्त्याने कधी गेली नाही. गोदामं अजून उभी व्हायची आहेत. जमीन मात्र विकली गेली, आणि विक्रीचा ठराव, मी तोवर ती खुर्ची सोडली होती पण ऐकतो, सर्वानुमते झाला.

गेल्या बुधवारी साहेब झोपेतच गेले. मुलगी आणि जावई पोहोचेपर्यंत गुरुवारची दुपार झाली. घाटावर कंपनीकडून एक पुष्पचक्र आलं, ड्रायव्हरच्या हाती. बोर्डातलं कोणी आलं नाही. तब्येती बऱ्या नसतील.

कन्हानहून तिघे आले होते. त्यात तुळशीराम होता. मला राहवलं नाही. त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं की ज्या माणसाची तू गचांडी धरलीस त्या एकट्याने कारखाना बंद करायला विरोध केला होता. मला त्याला लाजवायचं होतं, हे कबूल करतो.

तो शांतपणे म्हणाला, "मालूम हाये साहेब. बोर्डात चहा नेते तो आमच्याच गल्लीतला. त्यानं त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं."

मग इतके महिने शिव्या कशाला देत होतात, मी विचारलं.

तुळशीरामने चितेकडे पाहिलं. "पहिले पहिले रागानं गेलो. मंग राग सरला. लोकाइनं जाणं सोडलं. तं हे एकटेच बसून राहत. चहा बी नाही घेत. कोनी दोन शिव्या दिल्या का बरं वाटे त्याइले. मंग चहा सांगत सगळ्याइले, बाईची याद काढत, पोरीचं सांगत. उशिरा उठते म्हनत." त्याने बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. "आमी पाळ्या लावल्या होत्या. शुक्रवारी एकानं जायाचं अन् भांडाचं."

दुसऱ्या दोघांनी माना हलवल्या. तुळशीरामने उपरण्याने तोंड पुसलं.

"उद्या माही पाळी होती," तो म्हणाला.