बावीस नंबरच्या कार्डाची तपासणी

मोजण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! पिंपरीतल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्टर आहे. पोलिसांतला नव्हे, मालाचा. ढिगातून मूठभर नग उचलायचे, तपासायचे आणि उरलेल्या ढिगाचं भविष्य सांगायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून शफीभाईने तो प्रश्न टाकला तेव्हा मला हसूच आलं.

शफीभाईचं चिंचवड स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस भला, पण एका वेडाने पछाडलेला. बासष्ट साली बिस्किटांच्या पुड्यातून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, ती तो अजून, म्हणजे एकोणऐंशी सालीही, जमवत होता. सगळा संच झाला होता, फक्त बावीस नंबर मिळत नव्हता. तो माझ्याकडे होता! आणि शफीभाईकडे एक जादा रेडिओ होता. आमच्या घरचा रेडिओ मी स्वतः दुरुस्त केल्यामुळे कायमचा मुका झाला होता. कसोटी सामने तोंडावर आले होते आणि माझी बायको रंभा गाण्यांवाचून इतकी चिडली होती की, टोमण्यांशिवाय माझ्या वाट्याला काही येत नव्हतं.

"कार्ड घ्या, रेडिओ द्या," मी म्हणालो.

"देतो ना राव! पण उद्या गल्लीगल्लीतून असली कार्डं निघाली तर? आधी सांगा, आपल्या भागात ही कार्डं उरलीत तरी किती? थोडी असतील तर रेडिओ तुमचा."

"दोन आठवड्यांत सांगतो. अगदी शास्त्रशुद्ध!"

घरी येऊन मी रंभाला बेत सांगितला.

"म्हणजे घरोघर जाऊन कार्डं मोजणार?"

"छे! आधी सापडतील तेवढी कार्डं गोळा करायची, पाठीवर खूण करून परत द्यायची. आठवड्याने पुन्हा गोळा करायची. खुणेची जास्त आली तर एकूण कार्डं थोडी. खुणेची कमी आली तर रग्गड! साधा हिशेब आहे."

"एवढं डोकं रेडिओ उघडताना कुठे ठेवलं होतं?"

मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ठाण मांडलं. बासष्ट सालची पोरं आता मिशा राखून आमच्याच मशिनांवर उभी होती. कुणी ट्रंकेच्या झाकणाला चिकटवलेली कार्डं सोलून आणली, कुणी देवाच्या फोटोमागून काढली. महाळुंग्याचा गेनू टूलरूममधला फिटर. त्याने तर डबाभर आणली. मी खिशातला तपासणीचा शिक्का काढला आणि एकेका कार्डाच्या पाठीवर ठोकत गेलो. त्रिकोणी शिक्का, मध्ये लिहिलेलं 'पास'.

तिथेच माती खाल्ली! आमच्या कारखान्यात या शिक्क्याशिवाय साधा बोल्टही पुढच्या खात्यात सरकत नाही. शिक्का असला तर माल, नसला तर भंगार. हे मी विसरलो. कामगार विसरले नाहीत!

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलापुढे रांग.

"साहेब, आमच्या मेव्हण्याचं कार्ड राहिलंय, मारा की!"

"अहो, ती नुसती खूण आहे! पास-नापासचा संबंध नाही!"

"आसं कसं? गेन्याचं पास, आन् आमचं काय भंगार हाय व्हय?"

मी घसा फोडून समजावलं. एकालाही पटलं नाही. उलट, साहेब नाही म्हणतात म्हणजे शिक्क्याला भलतीच किंमत आहे, अशी सगळ्यांची खात्री झाली. मग गेनूने टूलरूममध्ये गुपचूप दुसरा शिक्का बनवला आणि रांगेतल्यांची कार्डं पास करत सुटला. माझ्या शिक्क्याचा एक कोपरा झिजला होता. त्याच्या शिक्क्याचे तिन्ही कोपरे सणसणीत!

आठवड्याने मी पुन्हा कार्डं गोळा केली. बघतो तर एकजात सगळी शिक्क्याची! मी सूत्रात आकडे घातले आणि कपाळावर हात मारला. माझ्या शास्त्रानुसार अख्ख्या भागात जेवढी कार्डं उरली होती, त्याहून जास्त माझ्यासमोर टेबलावर पडली होती!

नेमके तेव्हाच मॅनेजरसाहेब कँटीनमध्ये आले.

"कंपनीचा शिक्का बिस्किटाच्या कार्डांवर?"

मी खुलासा केला. खुलासा जसा लांबला, तसा साहेबांचा चेहरा लाल होत गेला. शेवटी त्यांनी शिक्का मागून घेतला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

खड्ड्यात गेला हिशेब! मी बावीस नंबर घेऊन तडक शफीभाईचं दुकान गाठलं. त्याने कार्ड बघितलं, डोळे चमकले. मग त्याने ते उलटं केलं.

"शिक्का कुठाय? तुमचे कामगार तर म्हणतात, बिनशिक्क्याचं ते भंगार!"

"अहो, तो शिक्का माझाच होता!"

"मग मारला का नाही? तुम्ही स्वतःच पास केलं नाहीत, मी कसं घेऊ?"

रेडिओ समोरच्या फळीवर दिसत होता. शिक्का साहेबांच्या कपाटात. आता एकच दार उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळा अभिमान गिळून मी टूलरूममध्ये गेलो.

"गेनू, तुझा तो शिक्का... एकदा मार बाबा यावर."

गेनूने हात पुसले. कार्ड उजेडात धरलं. कडांवरून अंगठा फिरवला, अगदी मी फिरवतो तसा.

"कोपरा दुमडलाय, साहेब."

"अरे, किती जुनं कार्ड आहे ते!"

"ते हाय. पन दुमडलाय न्हवं? मागल्या म्हैन्यात माझ्या जॉबवर केसायेवढा वरखडा व्हता, तवा तुमी ऐकलं व्हतं का?"

"गेनू, माझ्या घरात रेडिओ नाही रे!"

"आमी आसला माल पास करत न्हाई," तो म्हणाला आणि कार्ड माझ्या हातात ठेवून कानशीकडे वळला.

संध्याकाळी मी रिकाम्या हाताने घरी आलो. रंभा दारातच उभी होती.

"रेडिओ कुठाय?"

"कार्ड नापास झालं."

"कुणी केलं नापास? इन्स्पेक्टर तर तुम्ही ना?"

"आमच्याकडे," मी चपला काढत म्हणालो, "नवीन आलाय."