टोन झाला की बसू

मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे. समोर आलेला गिअर चांगला असेल असं आम्ही कधीच धरून चालत नाही. तो खराबच आहे, फक्त दोष अजून सापडलेला नाही, असं धरून चालतो. ही सवय कारखान्याच्या गेटवरच ठेवून घरी यावं असं राजनंदिनीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. (भाजीचा पहिला घास घेऊन मी नुसतं "छान" म्हटल्याचं तिला आठवत नाही. मलाही नाही.)

तर झालं असं, की बजाजनगरातल्या आमच्या कॉलनीत दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं की गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा राजनंदिनीनं त्यात नाव दिलं. लग्नाआधी ती फार सुरेख गायची. लग्नानंतर तिचं गाणं कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बसेल एवढंच उरलं होतं. इतक्या वर्षांनी स्टेजवर उभं राहायचं म्हणून ती धास्तावली होती.

चहा पिताना ती म्हणाली, "मागं रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा ट्रॅक लावणारेत. पण शेजारी आपलं कोणी असलं तर मला धीर येईल. तुम्ही गिटार घेऊन बसाल का? कॉलेजात वाजवायचा म्हणता ना?"

त्या 'म्हणता ना'मध्ये काय दडलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी फुशारलो. "म्हणता ना काय? गॅदरिंगला पोरं बाकांवर उभी राहायची!" (बाहेर जायचा रस्ता बाकांवरूनच होता, हे सांगायची तिथं गरज नव्हती.)

माळ्यावरून इलेक्ट्रिक गिटार काढली. ती शाबूत होती, पण तिच्या अॅम्प्लिफायरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. तो गुलमंडीवर नेऊन दुरुस्त करून आणला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण मी ठरवलं, आता जमाना डिजिटलचा आहे, आणि एक अॅम्प मॉडेलर मागवला. विटेएवढा डबा. जगातल्या नामी अॅम्प्लिफायरांच्या आवाजाची नक्कल करतो. गिटारची वायर त्यात खुपसायची, कानाला हेडफोन लावायचा आणि हवा तो आवाज निवडायचा. शेजारपाजाऱ्यांना काडीचा त्रास नाही.

आई दसऱ्यासाठी वेरूळजवळच्या आमच्या गावाहून आली होती. तिनं डबा उलटासुलटा करून पाहिला.

"काय हाय रं ह्यात?"

"आई, यात शंभरेक अॅम्प्लिफायर आहेत."

"एवढुशा डब्यात?"

"खरे नाहीत गं. त्यांची हुबेहूब नक्कल."

"म्हंजी डुप्लिकेट माल." आई राजनंदिनीकडं वळली. "गोकुळला परत कुणीतरी गंडवलं, बाई."

पहिल्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून बसलो. बटणं फिरवता फिरवता असा काही टोन लागला की अंगावर काटा आला. स्वतःचंच वाजवणं ऐकून मला भरून आलं. बाहेर मात्र नुसतं टिकटिक, टिकटिक ऐकू जात होतं, कारण इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज असा नसतोच. आईनं दाराच्या फटीतून पाहिलं, तर मुलगा कानाला टोपणं लावून, डोळे मिटून मान डोलावतोय आणि आवाज कशाचाच नाही. तिनं माझी दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलो, हेडफोन लावला, आणि तोच टोन म्हणजे पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या माशा! मी चमकलो. काल संध्याकाळी पास झालेला माल आज फेल कसा होतो? मधल्या वेळात कुणीतरी हात लावल्याशिवाय होत नाही. आमच्या खात्यात तरी नाही.

"माझ्या डब्याला कुणी हात लावला?" मी हॉलमध्ये येऊन विचारलं.

"मी धूळ पुसली," राजनंदिनी म्हणाली.

"म्हणजे हात लावला!"

"धूळ पुसायला हातच लागतो. तुमच्याकडं दुसरी काही पद्धत असली तर सांगा."

कारखान्यात नट पक्का आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतात. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि चोर सापडतो. मी खात्यातला पेंटमार्कर घरी आणला. टोन मनासारखा लागताच डब्याच्या प्रत्येक बटणावर रेघ मारली आणि कुणाला काही न सांगता झोपलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एकूण एक रेघा जागच्या जागी. आणि आवाज? माशा!

आता संशयाला नवी वाट फुटली. बटणं हलली नाहीत म्हणजे विजेत गडबड आहे. मी आधी इन्व्हर्टर बंद केला. मग पंखे. मग फ्रीज. (फ्रीज परत सुरू करायचं राहिलं आणि दूध नासलं. आईनं त्याचं पनीर केलं. दोन्ही वेळेला माझ्या ताटात तेवढंच वाढलं.)

शेवटी राजनंदिनीच म्हणाली, "डबा तोच. रेघा तिथंच. वीजही तीच. मग बदलतंय काय ते मी सांगू? तुमचे कान."

"माझे कान? माझ्या हाताखालच्या प्रत्येक मापयंत्राचं वरचेवर कॅलिब्रेशन होतं, अचूकता तपासली जाते!"

"कानांचं कधी झालं?"

मी आत जाऊन दार लावलं.

या सगळ्यात तिची एकच मागणी होती. "एकदा माझ्यासोबत बसा. मी गाते, तुम्ही वाजवा. कुठं थांबायचं, कुठं उचलायचं, एवढं ठरवू." आणि माझं उत्तर ठरलेलं, "टोन झाला की बसू." ती कणीक मळताना गायची, कपडे वाळत घालताना गायची, ताल द्यायला आई परातीवर बोटं वाजवायची. मी आत टोनमागं लागलेलो. दसरा जवळ यायला लागला तसं तिचं जेवणातलं लक्ष उडालं. मला ते दिसत होतं, आणि वाईटही वाटत होतं. पण माशा काही जात नव्हत्या.

खंडेनवमीला सुट्टी होती. सकाळी मी जाहीर केलं, "आज बसू. टोन झालाय." राजनंदिनीचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं.

आम्ही खोलीत गेलो तर डबा जाग्यावर नाही. हॉलमध्ये आईनं पाट मांडला होता. त्यावर विळा, खुरपं, शिलाई मशीनची कात्री, माझा मापं घ्यायचा व्हर्निअर, स्कूटरचा पाना, गिटार, आणि मधोमध डबा. प्रत्येक बटणावर हळदीकुंकू आणि वर झेंडूचं फूल.

"आई, तो डबा पाहिजे होता," राजनंदिनी म्हणाली.

"आज नाय. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर कशालाच हात लावायचा नाय. हत्यारं इसाव्याला बसलीत."

"बरोबर आहे आई," मी लगेच म्हणालो. "रीत म्हणजे रीत."

आणि इथं माझं चुकलं. राजनंदिनी माझ्याकडं वळून बघायला लागली. ती नजर माझ्या ओळखीची होती. संशयित गिअर उजेडात धरून मी असंच बघतो.

"मागच्या खंडेनवमीला तुम्ही पूजेतला पाना काढून स्कूटरचं चाक बदललं होतं," ती हळू म्हणाली. "आई ओरडत होत्या तरी."

"ते चाक होतं. ही कला आहे."

"मला खरं सांगा. तुम्हाला वाजवता येतं ना?"

"येतं म्हणजे काय!"

"बरं," ती म्हणाली. बायकोच्या या 'बरं'नंतर विषय संपत नाही, चौकशी सुरू होते. आणि मी आतून किती घाबरलो होतो ते माझं मला माहीत. हेडफोनमधला मी आणि बाहेरचा मी यांची अजून एकदाही गाठ पडली नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात स्टेज सजलं. आमच्या कारखान्याचे प्लांटहेड पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. साउंड कडुबाचा होता. कडुबा म्हणजे पंचक्रोशीतली लग्नं, हळदी, जयंत्या सगळं वाजवणारा माणूस. डब्याची एक वायर मिक्सरला जोडून मी गिटार गळ्यात अडकवत होतो, तेवढ्यात राजनंदिनी कडुबाच्या कानात काहीतरी सांगताना दिसली. ती गेली नाही तोच आई तिथं. तिनंही वाकून काहीतरी सांगितलं. कडुबानं दोघींना मान डोलावली.

मी तडक मिक्सरपाशी गेलो. "कडुबा, माझी गिटार कमी करायची नाही. फुल पाहिजे."

"टेन्शन नको साहेब. हे बघा, तुमचं फेडर. एकदम वर."

फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची ती सरकती खुंटी, खरंच वर होतं. पण माझा विश्वास माणसांवर नसतो, खुणांवर असतो. मी खिशातून पेंटमार्कर काढला आणि फेडरच्या बाजूला पिवळी रेघ मारली.

"ओ साहेब, माझ्या मिक्सरला रंग कशाला लावायले!"

"आता हललं तर कळेल," मी म्हणालो आणि स्टेजवर जाऊन कानाला हेडफोन लावला.

ट्रॅक सुरू झाला आणि राजनंदिनीनं जुनं भावगीत उचललं. पहिल्या ओळीला तिचा आवाज दबलेला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलावली, आणि मग तिचा आवाज जो मोकळा झाला तो शेवटपर्यंत. हेडफोनमधून मला तिचं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, तरी माझे डोळे भरले. माझा टोनही त्या दिवशी स्वर्गीय लागला होता. तिसऱ्या कडव्यात मी पार चुकलो आणि बराच वेळ बहुधा भलत्याच गाण्याचं वाजवत राहिलो. पण समोर कुणाच्या भुवया हलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, टोन चांगला असला की सगळं खपतं.

टाळ्या थांबता थांबेनात. राजनंदिनी हसत होती, आई पदरानं डोळे पुसत होती. मी मात्र मिक्सरकडं गेलो. रेघ जागच्या जागी, फेडर वरच.

"शाब्बास कडुबा! हललं नाही म्हणायचं."

"कशाला हलवू साहेब? खाली म्यूटचं बटन हाय की. ते दाबून ठेवलं होतं. तुम्ही रेघ वरच मारली."

"म्हणजे माझी गिटार..."

"तुमच्या कानापुरती लई झकास वाजली असंल. भायेर ट्रॅकमधलीच होती."

मागं राजनंदिनी येऊन उभी होती. "मीच सांगितलं होतं," ती सरळ म्हणाली.

"म्या बी," आई म्हणाली. "सुनंचं गाणं व्हतं, बाबा. तुजं नव्हतं."

"मग मला स्टेजवर बसवलं कशाला?"

"धीर यायला," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही शेजारी होता म्हणून पहिली ओळ निघाली. नुसतं येऊन बसा म्हटलं असतं तर आला असता का?"

मला रागवायचं होतं, पण तिचा चेहरा इतका आनंदी होता की जमेना. तेवढ्यात प्लांटहेड लगबगीनं आले. त्यांनी राजनंदिनीचं तोंडभर कौतुक केलं आणि मग माझा हात धरला.

"आणि गोकुळ, गिटार! काय ते वाजवणं, काय तो टोन! एक सूर इकडचा तिकडं नाही. दिवाळी पहाटेला आमच्या सोसायटीत तुम्ही दोघं पाहिजेच. आणि बरं का, हाच टोन ठेवायचा, काहीही बदलायचं नाही."

मी राजनंदिनीकडं पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता.

"येतो की सर," मी म्हणालो. "फक्त साउंडला कडुबाच पाहिजे."