चंद्रीच्या दुधाची पैज

"रविवारी सगळे माझ्या घरी चहाला या! चंद्रीच्या दुधाचा चहा पिऊन कोणाचं पोट दुखलं, तर मी मिशी काढीन!"

तारापूरच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये नामदेवनं असं ठणकावलं, तेव्हा त्याचंच पोट बॉयलरसारखं गुडगुडत होतं.

दोष पिशवीतल्या दुधाचा, हे त्याचं ठाम मत. बायको जमना होती तोवर घरच्या गावठी गाईचं, चंद्रीचं दूध. पोटाची कधी तक्रार नाही. जमना पौषात गेली. तिच्याशिवाय चंद्री कासेला कोणाला हात लावू देईना, म्हणून घरात पिशवी आली, आणि पिशवीबरोबर पोटदुखी! लॅबमधले सावेसाहेब एकदा म्हणाले होते, "पिशवीत येतं त्या विलायती गाईंच्या दुधात एक प्रोटीन वेगळं असतं. ते काहींना बाधतं, असा काही शास्त्रज्ञांना संशय आहे. पण सिद्ध काही झालेलं नाही हं!" शेवटचं वाक्य नामदेवच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

खरी घाई वेगळीच होती. बोईसरला दिलेल्या मुलीनं, शैलानं, चंद्रीला गिऱ्हाईक पाहिलं होतं. "बाबा, दूध देत नाय, नुसती खाते. रविवारी पुंजाराम न्यायला येल." नामदेवनं हातापाया पडून एवढंच मिळवलं, की दूध निघालं तर गाय राहील. जमनाच्या हातचं जिवंत असं घरात चंद्रीच तेवढी उरली होती.

रविवारी सकाळी तो वासरू सोडून, चरवी घेऊन बसला. चंद्रीनं पहिल्या लाथेत चरवी उडवली, दुसऱ्या लाथेत नामदेवला! पाटावर बसावं तसा तो शेणात जाऊन बसला.

कुडापलीकडून शेजारची सुगंधा हसली. "भावजी, तिला तुमी नको, वैनी पायजे! वैनींचं लुगडं नेसा. वासावर पान्हा सोडल."

"ह्या वयात लुगडं?"

"मग द्या पुंजारामला!"

नामदेवनं ट्रंक उघडली. पौषापासून तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. हिरव्या लुगड्याला अजून तिचा वास होता. ते मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. मग नेसला, म्हणजे गुंडाळलं. मिशी दिसू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढला.

चंद्रीनं खांदा हुंगला. लाथ नाही, पण दूधही नाही!

"बोला काईतरी!" सुगंधा ओरडली. "वैनी धार काढताना तुमची गाऱ्हाणी सांगायच्या तिला. सगळी आळी ऐकायची!"

हे नामदेवला नवीनच होतं! त्यानं आवाज बारीक केला. "ऐक गो चंद्रे... मेला काल पण जेवला नाय. भात टाकायचा कंटाळा. नुसता चहा ढोसतो. मिशी चहात बुडते, काढ म्हणते तर ऐकत नाय..."

चर्र! चरवीत धार वाजली! नामदेवचा आवाज चढला. इकडे धार, तिकडे डोळ्यांना धार!

तेवढ्यात मागल्या दारानं पुंजाराम दोरी घेऊन आला. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, जमनाचीच गाऱ्हाणी! हा तर तिच्या तेराव्याला जेवून गेलेला!

"वैनी, नको मला गाय!" दोरी टाकून तो सुटला, तो मासवणच्या रस्त्याला लागेपर्यंत थांबला नाही.

चहा झाला. कँटीनची मंडळी प्याली, शैला प्याली, सावेसाहेब प्याले. सगळ्यांची पोटं शांत! नामदेव मिशीवर ताव देणार, तोच गुडगुड झाली. त्याच्याच पोटात! तो कळवळून खाली बसला.

"जेवलात कधी?" सावेसाहेबांनी विचारलं.

"रोज चहा घेतो की!"

"अहो, प्रोटीन कसलं शोधताय? पोट रिकामं आहे तुमचं!"

शैला डोळे पुसत भात टाकायला उठली. कँटीनवाले मात्र ओरडले, "मिशी! मिशी!"

दुसऱ्या दिवशी नामदेव लुगडं गुंडाळून, गुळगुळीत तोंडानं धार काढायला बसला. पदर ओढायची गरजच उरली नव्हती. जमना जन्मभर मिशी काढायला सांगत होती. आता काढली, तर बघायला कोण? गाय!