टेडीसाहेबांचं पान

गजाभाऊ टिपणीस रस्त्यात उभे राहून चालत्या टॅक्सीला हात करायचे, टॅक्सी थांबायची, आणि गजाभाऊ तिच्यात बसायचे नाहीत. बॉनेटवर तळवा टेकायचा, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि ड्रायव्हरला सांगायचं, "तीन नंबरचा टॅपेट वाजतोय. आजच्या आज बघून घे." एवढं सांगून स्वारी पायी चालू लागायची.

हे त्यांनी एकट्याने केलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला निघालो असताना, अर्धा तास वणवण करून मिळालेल्या टॅक्सीला त्यांनी हेच केलं. आम्हाला निरोप द्यायला म्हणून फाटकापर्यंत आले होते. मी, माझी बायको सुमन, दोन ट्रंका आणि संदेश मिठाईचे चार डबे असे सगळे आत कोंबलेले. "इंजिन बंद कर," गजाभाऊ म्हणाले. सरदारजीने केलं. रागावला असता तर बरं! तो उलट खूश होऊन खाली उतरला. दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून असे काही रंगले की हावड्याहून मेल सुटली तेव्हा आम्ही बेहालातच, घराच्या फाटकापाशी होतो. लग्न आमच्याविना लागलं. सासरच्या मंडळींनी ते अजून मनातून काढलेलं नाही. आणि गजाभाऊ वर मलाच ऐकवतात, "वाटेत बंद पडली असती म्हणजे?" अहो, पण पडली नव्हती ना!

सत्तरच्या आसपास बँकेने माझी कलकत्त्याला बदली केली, तेव्हा बेहालात हे घर मिळालं. वर आम्ही, खाली गजाभाऊ, मागच्या बाजूला घरमालक घोषबाबू. गजाभाऊंचा जन्म कलकत्त्यातलाच. वडील रेल्वेच्या कचेरीत लागले आणि इथलेच होऊन गेले. गजाभाऊ जवळच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. पन्नाशी आलेली, लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, त्यामुळे घरात मराठी बोलायला कुणी नाही. आम्ही राहायला आलो आणि त्यांनी वर्षानुवर्षं साठवलेलं मराठी आमच्यावर सोडलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बुझलास?" 'समजलास' आणि बंगाली 'बुझले' यांचं ते त्यांनी घरच्या घरी केलेलं वेल्डिंग होतं.

त्यातलं निम्मं मराठी टेडीसाहेबांवर खर्च व्हायचं. टेडीसाहेब म्हणजे त्या काळातला कलकत्त्यातला सगळ्यात वेगवान माणूस, अँग्लो-इंडियन. शहराबाहेर लढाईच्या वेळची एक जुनी धावपट्टी होती. तिथे हिवाळ्यात रविवारी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. गाड्या तुमच्याआमच्या दारात उभ्या असतात तशाच साध्या, फक्त मागची गादी उपटून काढलेली. गजाभाऊंनी गाडी जुळवायची आणि टेडीसाहेबांनी पळवायची, असं नऊ वर्षं चाललं. लोक धावपट्टीच्या कडेला झाडांवर चढून बसत आणि टेडीसाहेब पुढे गेले की फांद्या हलवत, म्हणे.

टेडीसाहेब काय म्हणायचे ते ऐकल्याशिवाय आमच्या जेवणात मीठसुद्धा पुढे सरकत नसे. सुमनचा कुकर शिट्टी द्यायला लागला की, "टेडीसाहेब म्हणायचे, आवाज करतं ते यंत्र आजारी, बुझलास?" मी ट्रामची वाट बघत बसलो की, "टेडीसाहेब म्हणायचे, वाट बघणारा माणूस हरलेला असतो." आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "वळणावर ब्रेक मारतो तो कारकून!" हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत. मी बँकेतला माणूस, तेही कारकुनाचा ऑफिसर झालेला. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आभार मानायला म्हणून कुणीतरी त्यांना उभं केलं. हारवाला, मांडववाला आणि व्याख्याते सगळे बाजूला राहिले आणि पाऊण तास टेडीसाहेबांचं गिअर बदलणं चाललं. त्यांना खाली बसवायची जबाबदारी कुणावर? तर शेजारी म्हणून माझ्यावर!

शेवटच्या शर्यतीची गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली. निशाण पडलं, पहिल्या फेरीत तिसरे, तिसऱ्या फेरीत पहिले, सहाव्या फेरीत धावपट्टीच्या टोकाचं वळण आलं... इथे गजाभाऊ थांबायचे. "मग काय, झालं ते झालं. वहिनी, चहा टाकता?" चाळीस वेळा ती गोष्ट त्याच जागी थांबली. पुढचं मला घोषबाबूंनी सांगितलं. वळणावर डावं पुढचं चाक निखळलं, गाडी कोलांट्या खात कडेला मांडलेल्या पिंपांवर आदळली, टेडीसाहेब जागच्या जागी गेले. ती चाकं सकाळी गजाभाऊंनी कसली होती. चौकशी झाली, कुणावर ठपका आला नाही. बोल्ट तुटला की नट सुटला, हे कळण्याइतकं काही उरलंच नव्हतं. त्यानंतर गजाभाऊ धावपट्टीकडे फिरकले नाहीत.

हे कळल्यावर मी त्यांच्यावर चिडणं बंद करायला हवं होतं. नाही जमलं. कारण त्याच वर्षी त्यांनी पक्षाचं काढलं.

झालं असं की टेडीसाहेबांची बायको मुलीला घेऊन कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली, आणि जाण्याआधी गजाभाऊंना भेटायला आली. मी जिन्यात होतो. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "गजा, यू लुक आफ्टर माय टेडी." बिचारीच्या मनात वर्षातून एकदा कबरीवर दोन फुलं, एवढंच असणार. गजाभाऊंनी त्यावर आठ दिवस विचार केला आणि रविवारी सकाळी वर येऊन जाहीर केलं, "सर्वपित्रीला मी टेडीसाहेबांचा पक्ष घालणार. स्वयंपाक तुमच्याकडे. माझ्याकडे एकच पातेलं आहे."

"गजाभाऊ, ते ख्रिश्चन होते!"

"म्हणून काय भूक लागत नाही?"

"अहो, त्यांची चांगली कबर आहे, वर दगड आहे, त्यावर नाव आहे."

"नाव आहे. जेवायला कोण घालतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर सुमन विचारत होती, "त्यांना आवडायचं काय?" मांस आमच्या स्वयंपाकघरात शिजणार नव्हतं, हे गजाभाऊंनी उदार मनाने मान्य केलं. पण टेडीसाहेबांना गजाभाऊंच्या आईच्या हातचं थालीपीठ फार आवडायचं, आणि ते त्यावर मारमालेड, म्हणजे संत्र्याचा साहेबी मुरंबा, लावून खायचे. "पितरांच्या पानात मारमालेड?" सुमन म्हणाली. "जाड लावा वहिनी," गजाभाऊ म्हणाले.

भटजी म्हणजे जोशी. आठवडाभर तारखात्यात नोकरी आणि सणावारी भटजीपण, असा त्यांचा प्रपंच. कलकत्त्यात मराठी भटजी मिळतोय हेच खूप, म्हणून आम्ही सगळे त्यांना वचकून असू. गजाभाऊ सोडून.

"गोत्र?" जोशींनी विचारलं.

"काश्यप. ज्याचं माहीत नाही त्याचं काश्यप असतं ना?"

"वडिलांचं नाव?"

"विल्यम."

"आजोबांचं?"

"तेही विल्यमच असणार. त्यांच्यात काटकसर असते."

जोशींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी, मित्राला तर्पण देता येतं, पिंडदान नाही, पान मात्र कावळ्याला ठेवा, अशी तडजोड झाली. मग गजाभाऊंनी आवाज उतरवून विचारलं, "भटजी, माणूस आपल्यावर रागावून गेला असेल, तर कावळा शिवत नाही. बरोबर?"

"मनात काही राहिलं असेल तर शिवत नाही, असं म्हणतात."

"मला तेवढंच बघायचंय," गजाभाऊ म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस टेडीसाहेबांना जेवू घालत नव्हता, त्यांच्यापुढे जाऊन उभा राहत होता.

अमावास्येला, बंगाल्यांच्या महालयाला, सगळं कलकत्ता सकाळीच गंगेवर लोटलं होतं. आम्हीही तर्पण उरकून आलो आणि बारा वाजता गच्चीवर पान मांडलं. खीर, वडे, अळूची भाजी, आणि मधोमध मारमालेड लावलेलं थालीपीठ. गच्चीच्या कठड्यावर एकही कावळा नाही! एरवी याच गच्चीवर सुमनच्या हातातली पोळी पळवणारे कावळे! खाली डोकावून बघितलं तर घोषबाबूंकडे इलिश मासा आणलेला, मोरीपाशी त्याची आतडी पडलेली, आणि अख्ख्या बेहालातले कावळे तिथे पंगतीला बसलेले.

"ते इलिशपायी तिकडे गेलेत," मी समजूत घातली.

"टेडीसाहेबांना इलिश आवडायचा," गजाभाऊ घाबरून म्हणाले.

"मग तिकडेच जेवले असतील! झालं तर! चला खाली."

गजाभाऊ हलले नाहीत. हात जोडून त्यांनी वचनं द्यायला सुरुवात केली. तुमचे शर्यतीतले कप दर रविवारी घासून ठेवीन. तुमच्या मुलीला दर नाताळात पत्र टाकीन. तुमचं इंजिन गॅरेजात झाकून ठेवलंय, कुणाला हात लावू देणार नाही. एक वाजला, दोन वाजले. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, आणि माझ्या पोटात आगडोंब उसळला होता. जोशींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिवून घेतात. शास्त्रात सोय आहे."

"डुप्लिकेट पार्ट नको!" गजाभाऊ एवढ्या जोरात ओरडले की खालचे दोन कावळेसुद्धा उडाले. जोशी दक्षिणा न घेता निघून गेले. सुमन डोळे पुसत खाली गेली. तिला भूक आणि रडू नेहमी एकदमच येतं.

मी आता मात्र वैतागलो. "गजाभाऊ, पुरे! चौकशी झाली, तुमचा दोष निघाला नाही. चारही चाकं तुम्ही घट्ट कसली होती, हे सगळ्या जगाला माहीत आहे."

"तीन," ते म्हणाले.

"काय?"

"तीन चाकं आठवतात. उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं. तेवढ्यात टेडीसाहेब स्वतः चहा घेऊन आले. मी हात पुसले, चहा प्यालो, दोघं हसलो कशावर तरी. मग चौथं. त्याला पाना लावला असणार. नऊ वर्षांत कधी राहिलं नाही. पण लावल्याचं आठवत नाही रे. रोज रात्री लावून बघतो, आठवत नाही."

ते पाण्याच्या टाकीमागे गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "माझ्याच्याने बघवत नाही. तू बघ आणि सांग. तू बँकेतला माणूस, खोटं बोलायचा नाहीस."

मी त्या पानासमोर उभा राहिलो. आकाश रिकामं, कठडा रिकामा, खाली इलिशवर कलकलाट. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टाकीमागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग मी खाली बसलो, अख्खा वडा तोंडात कोंबला, थालीपिठाचा लचका तोडला, खिरीत बोट फिरवून पान विस्कटलं आणि कसंबसं ओरडलो, "शि... शिवला!"

गजाभाऊ आले. पानाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी गाल आत ओढून उभा होतो, घास ना गिळता येत होता ना चावता. "थालीपीठच घेतलं त्यांनी?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. ते जिना उतरले आणि सुमनच्या हातची पाच थालीपिठं त्यांनी खाल्ली. मला वाटलं, फसले. एवढ्या मोठ्या माणसाला फसवलं म्हणून मला दोन दिवस नीट झोप आली नाही, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.

पुढच्या सर्वपित्रीला मी आधीच धसका घेऊन बसलो होतो. पण गजाभाऊंनी जोशींना बोलावलं नाही. गच्चीवरही गेले नाहीत. आमच्याच स्वयंपाकघरात त्यांनी पाट मांडला, पान वाढलं, रांगोळीची वाकडी रेघ ओढली आणि मला म्हणाले, "बस."

"मी? हे टेडीसाहेबांचं पान आहे ना?"

"गेल्या वर्षी तूच जेवलास. मिशीला मारमालेड होतं."

मी सुमनकडे बघितलं. ती कढईकडे वळली. मग मी गुपचूप पाटावर बसलो. गजाभाऊ धुतलेलं धोतर नेसून वाढायला उभे होते, हातात मारमालेडची बाटली आणि चमचा. मी दोन घास खाल्ले.

"साहेब," ते म्हणाले. ते माझ्याकडे नाही, पानाकडे बघत होते. "ते डावं पुढचं..."

घास माझ्या हातातच राहिला. ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मी त्यांना कधी नुसतं नावाने हाक मारली नव्हती.

"गजा," मी म्हटलं, "चारही घट्ट होती. तू कसली होतीस. मी चहा घेऊन तिथेच उभा होतो. वाढ आता."

ते वाढायला वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.