ब्रेनगनचा नंबर दोन

दहा किलो वजन दिवसभर हातात बाळगणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, त्या रविवारी सकाळी आठ वाजेपर्यंत होतं!

आधी आमच्या मंडळाची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बंदुकांचे आम्ही तीन भक्त. एक दातांचे डॉक्टर, एक प्लंबर आणि एक मी, विमा कंपनीतला कारकून. तिघांपैकी एकानंही आयुष्यात खरी बंदूक हातात धरलेली नाही. माझ्या हातातलं सगळ्यात घातक हत्यार म्हणजे स्टेपलर, आणि त्यानं आजवर फक्त मीच जखमी झालोय. पण आम्ही बोलायला लागलो की ऐकणाऱ्याला वाटावं, तिघं कालच आघाडीवरून परतलेत! मंडळाची मालमत्ता एकच, बंदुकांचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ. तो आळीपाळीनं एकेकाच्या घरी राहतो. तो ज्याच्या घरी असतो, त्याचा तो महिना मजेत जातो.

सगळ्यात भारी बंदूक कोणती, हा वाद नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या दवाखान्यात पेटला. डॉक्टर रुग्णाच्या खुर्चीत आडवे होते, आम्ही दोघे स्टुलांवर.

"रायफल म्हणावी तर गरँड!" डॉक्टर छताकडे बघत म्हणाले. "आठ गोळ्या, घोडा ओढत राहा, बस! आणि आठवी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करून बाहेर उडते. काढलेला दात ताटलीत पडल्यासारखा आवाज हो! स्वर्ग!"

"आणि ती भरताना अंगठा आत सापडतो, ते नाही सांगितलंत!" प्लंबर म्हणाला. "स्टेन बघा माझी. सरळ नळी, गोळ्यांचं मॅगझिन आडवं, नखरा नाही. ही बंदूक कुणातरी प्लंबरनंच केली असणार."

"म्हणूनच अडकायची!" मी म्हणालो. "तुमच्या दोघांच्या खेळण्यांवर पांघरूण घाला. माझ्या ब्रेनगनसमोर बोलूच नका, मशीनगन आहे ती! वरून लावायचं बाकदार मॅगझिन, नळी तापली की क्षणात बदलायची, नेम असा की..."

"आणि वजन?" डॉक्टर खुर्चीत उठून बसले. "दहा किलो! ते ओढणार कोण?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणाऱ्यांची मंडळं निघत नाहीत.

"मी! सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एकदाही जमिनीला न टेकवता. आणि तोंडातून हुं की चूं काढणार नाही!"

प्लंबरचे डोळे चमकले. दोन दिवसांत त्यानं तीन लोखंडी पाइप आणले. वाळू भरून, दोन्ही तोंडं बंद करून, प्रत्येक पाइप लांबीला आणि वजनाला त्या त्या बंदुकीइतका! स्टेन सव्वातीन किलो, गरँड साडेचारला जरा कमी, ब्रेन दहा. नियम ठरले. पाइप जमिनीला किंवा सामानावर टेकवायचा नाही, फक्त स्वतःच्या अंगावर चालेल. दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायचा नाही. शेवटचा तास तिघांनी एकत्र काढायचा, म्हणजे लबाडी नको. सहापर्यंत टिकतील त्यांत ज्याचा पाइप सगळ्यात जड तो जिंकला, आणि त्याच्या घरी ग्रंथ वर्षभर! हे सगळे नियम मीच केले. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, फक्त माझा धोंडा नळीच्या आकाराचा होता.

रविवारी सकाळी पाइप खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोनं वर पाहिलं.

"हे काय?"

"ब्रेनगन."

"बरं. संध्याकाळी पाचच्या आत ती खाली ठेवा."

"सहापर्यंत ठेवता येत नाही. का?"

तिनं सुरी खाली ठेवली. बायको सुरी खाली ठेवते तेव्हा मी खुर्ची गाठतो.

"पाच वाजता घर बघायला जायचंय. बाल्कनीचं! तीनदा सांगितलं मी. तीनही वेळा तुम्ही त्या पुस्तकात तोंड घालून 'हो हो' म्हणालात!"

बाल्कनी ही हिची एकोणीस वर्षांची इच्छा. आमच्या घराच्या तिन्ही खिडक्या शेजारच्या भिंतीकडे उघडतात. कपडे घरात वाळतात, म्हणजे खरं तर वाळत नाहीत. आणि हे घर मिळणं सोपं नव्हतं. मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सहा कुटुंबांना त्यांनी पाच-पाच मिनिटांत नापास केलं होतं! आधीच्या भाडेकरूनं न विचारता न्हाणीघर उखडलं आणि खालच्या घराचं छत गळायला लागलं, तेव्हापासून बाई येणाऱ्या प्रत्येकाची पारख डोळ्यांत तेल घालून करत.

"अगं, पाइप अंगावर असला म्हणून काय झालं? मी बोलणार तोंडानं!"

"तीच तर भीती आहे," ती म्हणाली.

दुपारपर्यंत माझं तोंड तरी शाबूत होतं. पाइप मानेवर ठेवून दाढी केली आणि एकच कल्ला उडवला. पाइप मांडीवर घेऊन जेवलो. झोपताना तो पोटावर घेतला, तर स्वप्नात माझ्यावर वरिष्ठ साहेब बसले होते. तीन वाजता उजवा हात माझा आहे की शेजाऱ्याचा, ते कळेनासं झालं. पण हुं नाही की चूं नाही!

शेवटचा तास एकत्र काढायचा म्हणून डॉक्टर आणि प्लंबरला त्या घराखालीच येऊन थांबायला सांगितलं आणि चारला बस धरली. मी उभा राहिलो आणि पाइप बुटावर उभा टेकवला. बूट म्हणजे माझंच अंग, नियमात बसत होतं. पहिल्याच वळणाला एका आजीबाईंनी पाइपाचं वरचं टोक घट्ट धरलं.

"आजी, हा बसचा दांडा नाही हो!"

"असू दे बाळा, मजबूत आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या थांब्यावर एक अवाढव्य गृहस्थ चढले. त्यांनीही तो धरला. मग एक पाटी सांभाळणाऱ्या बाई. आता तीन माणसं, एक पाइप आणि खाली माझा एक अंगठा! आमचा थांबा आला. बायको उतरण्याच्या दाराशी पोचली.

"अहो, उतरा!"

"कसा उतरू? मी सोडलं तर तिघं पडतील!"

ही दारातून परत आत आली. दोन थांबे पुढे आजीबाई उतरल्या, त्यांच्यामागून बाई उतरल्या, आणि ते गृहस्थ झोपले होते त्यांना हलवून मोकळा झालो. तिथून दोन थांबे परत चालत निघालो. मी पुढे, पाइप खांद्यावर, दर दहा पावलांना 'आई गं' म्हणायचं ते मनातल्या मनात. ही माझ्या मागून, गप्प. तिचं गप्प बसणं ऐकू येतं.

पाचला जायचं, ते पाच पंचवीसला मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात पोचलो. बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"घर अजून दिलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पाइप घेऊन आलात?"

"तसं नाही हो बाई!" बायको घाईनं म्हणाली. "आम्ही नळाला हातसुद्धा लावणार नाही."

"मग हे काय आहे?"

आता खोटं बोलावं तर सुचेना. दहा किलो मानेवर असले की डोक्याचा रक्तपुरवठा थांबतो. मी अतिशय नम्रपणे म्हणालो, "काही नाही, मशीनगन आहे."

बायकोनं डोळे मिटले.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बाईंनी दार उघडलं, तर दारात डॉक्टर आणि प्लंबर, दोघांच्या खांद्यांवर एकेक पाइप! खाली वाट बघून बघून त्यांना शंका आली होती की मी वर सोफ्यावर पाइप टेकवून मजा करतोय.

"तुम्ही कोण?" बाईंचा आवाज चढला.

"प्लंबर!" प्लंबर अभिमानानं म्हणाला.

झालं! बाईंनी दोन पावलं मागे घेतली. "तीन माणसं! तीन पाइप! अजून करार नाही, आणि अख्खी टोळी उखडायला हजर! निघा, सगळे निघा!"

मी बायकोकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला सोसलं असतं. ती बाल्कनीकडे बघत होती. बाहेर एक रिकामी दोरी होती आणि तिच्यावर छान ऊन पडलं होतं. मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी ग्रंथ, ब्रेन, डॉक्टरांची 'टिंग', सगळं जमिनीत गाडून टाकावंसं वाटलं.

"बाई, हिचा काही दोष नाही," मी म्हणालो. "मूर्ख मी आहे. ब्रेनगन दिवसभर वागवता येते, अशी पैज मारली आणि..."

"ब्रेन?" आतल्या खोलीतून आवाज आला. "कोण म्हणालं ब्रेन?"

काठी टेकत एक ताठ म्हातारे गृहस्थ बाहेर आले. मालकीणबाईंचे थोरले भाऊ. बाई म्हणाल्या, "दादा, तू आत जा." दादा अर्थातच गेले नाहीत.

"युद्ध संपलं तरी आमच्या तुकडीत ती बरीच वर्षं होती," ते म्हणाले. "मॅगझिन कितीचं?"

"तीसचं!" मी कडक उभा राहिलो. "पण भरायचं अठ्ठावीस. अडकू नये म्हणून."

"शाबास! नेम धरायचं साधन कुठं असतं?"

"डावीकडे. मॅगझिन मध्ये येतं ना!"

"वा! वा!" दादांचा चेहरा उजळला. बाई चकित झाल्या. माझी छाती फुगली. डॉक्टर आणि प्लंबर जळून खाक झाले, ते वेगळंच.

"सगळं पाठ आहे की तुला!" दादा म्हणाले. "मग सांग, तुझा नंबर दोन कुठाय?"

"कोण?"

"नंबर दोन! ब्रेन एकट्याची कधी असते का? नंबर एक गोळ्या झाडतो. जादा नळी, मॅगझिनं, हत्यारांची पिशवी, सगळं वागवतो तो नंबर दोन. मॅगझिन बदलतो तो, नळी बदलतो तो. नंबर एकाचं नाव होतं, नंबर दोनची पाठ मोडते. मी सात वर्षं नंबर दोन होतो. एकानंही कधी विचारलं नाही!"

ग्रंथात हे होतं. पान मला आठवतही होतं. चित्रात बंदुकीशेजारी आणखी एक माणूस पडलेला होता, पण मी दर वेळी बंदूकच बघत आलो होतो.

"एकट्यानंच वागवली वाटतं दिवसभर?" दादा माझ्या मागे बघत म्हणाले. आणि थांबले. "अरे, हा काय नंबर दोन!"

मी वळून पाहिलं. बायको उभी होती. एका खांद्याला कागदपत्रांची पिशवी, दुसऱ्याला घरच्या सामानाची. एका हातात छत्री, पाण्याची बाटली, माझा कोट. दुसऱ्या हातात माझ्या चष्म्याची डबी, औषधं आणि बसमध्ये तुडवला गेलेला माझा बूट पुसायला घेतलेलं फडकं. सकाळपासून माझे दोन्ही हात पाइपाला होते. मग बाकी सगळं कुठं गेलं होतं, याचा मी विचारच केला नव्हता!

"किती वर्षं, बाई?" दादांनी हिला विचारलं.

"एकोणीस," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, हसली.

दादा बहिणीकडे वळले. "घर हिला दे. करार हिच्या नावावर. हा नुसता राहील."

मालकीणबाईंनी हिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नळाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"भिंतीत खिळे?"

"एकही नाही."

"आणि यांना," म्हणजे आम्हाला, "आवरायचं."

"ते मी एकोणीस वर्षं करतेय," ही म्हणाली. बाईंनी पहिल्यांदाच मान डोलावली आणि किल्ली पुढे केली.

आता पंचाईत! किल्ली घ्यायला हिचा एकही हात मोकळा नव्हता. मी पटकन पुढे झालो, "दे सामान इकडे," म्हणालो, आणि तिच्या पिशव्या खांद्यावर घ्यायला गेलो तर हातात पाइप! घड्याळात सहाला बारा मिनिटं. डॉक्टर आणि प्लंबर श्वास रोखून बघत होते. ग्रंथ वर्षभर! फक्त बारा मिनिटं!

मी पाइप जमिनीवर ठेवला. लादीवर ठण् असा आवाज झाला. गरँडची क्लिपसुद्धा इतकी गोड वाजत नसेल.

हिनं किल्ली घेतली.

महिनाभरात आम्ही राहायला गेलो. पाइप वाया गेला नाही, बाल्कनीत दोन कड्यांमध्ये आडवा बसवलाय (कड्या बाईंच्याच आहेत, खिळा एकही नाही!). त्यावर कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. दर रविवारी मंडळ आता आमच्याकडेच भरतं. दादा अध्यक्ष. ग्रंथ डॉक्टरांनी जिंकला, पण दादांना वाचायला हवा म्हणून तोही इथंच असतो. एकूण काय, हरून मला सगळंच मिळालं.

एक गोष्ट मात्र मी मंडळात सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर, हिच्या खांद्यावरून घेतलेलं ते सगळं सामान मी सहज वजनकाट्यावर ठेवलं होतं.

साडेअकरा किलो भरलं. आणि तिनं दिवसभरात हुं की चूं काढलं नव्हतं!